हाताला काम, कामाला दाम

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मी वक्ता नाही. मी मूळचा गिरणीतला साचेवाला. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे मतिमंद मुलांच्या कार्यशाळेत काम शिकवण्यात गेली. मंडळाचे कार्यकर्ते घरी आले आणि म्हणाले, ‘काका, तुम्ही ज्या मुलांना काम शिकवलेत त्यांच्याबद्दल चार शब्द बोला.’ त्यांचा आग्रह मला मोडवला नाही, म्हणून आपल्यापुढे उभा आहे.

आत्ताच या व्यासपीठावर दहावी-बारावीच्या मुलामुलींची नावे पुकारली गेली. कोणाला ऐंशी टक्के, कोणाला नव्वद. टाळ्या मीही मनापासून वाजवल्या. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी सहीच्या जागी अंगठा उठत होता, त्या घरांत आज पदव्या आहेत. याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? पण टाळ्या वाजवताना माझी नजर सभागृहात फिरत होती. इतकी कुटुंबे इथे जमली आहेत. यांतल्या काही घरांत आणखी एक मूल असेल, जे आज इथे आणलेले नाही. त्याच्याजवळ कोणीतरी घरी थांबले असेल, नाहीतर शेजारणीला ‘जरा लक्ष ठेवा’ असे सांगून दाराला बाहेरून कडी घातली असेल. त्या मुलाचे नाव या समारंभात कधी पुकारले जाणार नाही, कारण ते दहावी होऊ शकत नाही. मी आज त्या मुलाबद्दल बोलणार आहे.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझा एक चुलतभाऊ होता. शाळेत दोन वर्षे पहिलीतच बसला आणि मग मास्तरांनी त्याचे नाव काढून टाकले. बोलणे तुटक, आकडे दोनाच्या पुढे जात नसत. गावात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे ‘खुळा’ म्हणत. पण लग्न असो की जलदान विधी, विहिरीचे पाणी ओढायला हाच. लाकडे फोडायला हाच, गवताचे भारे वाहायला हाच. वाडीतल्या कोणत्या घराची म्हैस कोणती, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते. त्याबद्दल त्याला काय मिळत होते? एक वेळचे जेवण आणि कोणाचातरी जुना सदरा. आम्ही चाकरमानी मे महिन्यात गावी जायचो तेव्हा आमच्या ट्रंका यष्टीच्या थांब्यावरून डोक्यावर घेऊन यायचा तोही हाच. १९७९ साली तो तापाने गेला. उभ्या आयुष्यात त्याच्या हातावर मजुरी म्हणून कोणी एक रुपया ठेवला नाही. मीही ठेवला नाही. हे सांगताना मला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे.

बंधू-भगिनींनो, गावकीची कामे करायची आणि त्या कामाला दाम नाही, मान नाही, ही स्थिती काय असते हे आपल्याला कोणी सांगायला नको. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाविरुद्ध बिल मांडले ते याच वेठीविरुद्ध. मग ज्या समाजाने वेठ नाकारली, त्याच समाजातल्या आम्ही आपल्या रक्ताच्या भावाकडून वेठ घेतली, हे कसे झाले? तो काम करू शकत नव्हता असे नाही. तो सगळ्यांचे काम करत होता. त्याच्या कामाला काम म्हणायची आमची तयारी नव्हती. माझ्या सगळ्या भाषणाचा मुद्दा एवढाच आहे.

आता ही स्थिती नेमकी काय आहे ते पाहू, कारण याबाबत आपल्याकडे फार गैरसमज आहेत. मतिमंदत्व म्हणजे वेड नव्हे. मानसिक आजार कोणालाही, कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर औषधोपचार आहेत. मतिमंदत्व हा आजार नाही. जन्मापासून किंवा लहानपणापासून बुद्धीची वाढ मंद असते, त्यामुळे शिकायला वेळ लागतो आणि रोजच्या व्यवहारात आधार लागतो. त्यावर गोळी नाही. शिकवणे हाच उपाय. इंग्रज सरकारने १९१२ साली केलेल्या कायद्यात या दोघांना ‘वेडा’ या एकाच व्याख्येत कोंबले होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व त्या व्याख्येतून बाहेर काढले. कायद्याला जे समजायला पंच्याहत्तर वर्षे लागली, ते आपल्या वस्तीला समजायला आणखी किती वर्षे लागणार? ‘मतिमंद’ हा शब्दही आता मागे पडला आहे. सरकारी कागदांत ‘बौद्धिक दिव्यांग’ म्हणतात. मी जुना माणूस, माझ्या तोंडात जुना शब्द येतो, त्याबद्दल क्षमा करा. पण शब्द बदलून वागणूक जुनीच राहिली तर काय उपयोग?

कारणे अनेक आहेत. जन्माच्या वेळी बाळ उशिरा रडले, मेंदूला प्राणवायू कमी पडला. गरोदरपणी आईच्या शरीरात आयोडीनची फार कमतरता होती. लहानपणी मेंदूज्वर झाला. किंवा डाउन्स सिंड्रोममध्ये असते तसे पेशीत एक गुणसूत्र जास्त आले. कित्येकदा कारण सापडतही नाही. पण पूर्वजन्मीचे पाप, कोणाची करणी, आईच्या पायगुणाचा दोष, ही कारणे नव्हेत. तरीसुद्धा आपल्यातलीच माणसे चोरून देवऋषाकडे जातात, अंगारे-धुपारे करतात, आणि मुलाच्या शिकण्याची पहिली पाच-सहा वर्षे, जी सर्वांत मोलाची असतात, ती वाया घालवतात. सगळा दोष आईवर ढकलून बाप मोकळा होतो, असेही मी पाहिले आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात अशा व्यक्तींची नोंद सुमारे १५ लाख झाली. ज्यांना घरच्यांनी प्रगणकासमोर आणलेच नाही, ते या आकड्यात नाहीत.

या मुलांसाठी शाळा सुरू झाल्या त्या बहुधा आईबापांच्या गरजेतून. मुंबईत १९४४ साली श्रीमती जय वकील यांनी आपल्या मुलीसाठी घरातच शाळा सुरू केली. मुलीला डाउन्स सिंड्रोम होता आणि तिला घेईल अशी शाळा नव्हती. ती संस्था पुढे वाढली, आज शिवडीला तिचे मोठे आवार आहे. पुण्यात १९६४ साली ‘कामायनी’ सुरू झाली आणि शाळेच्या जोडीला तिने उद्योग केंद्रही चालवले. १९८४ साली केंद्र सरकारने सिकंदराबादला या विषयाची राष्ट्रीय संस्था स्थापन केली आणि शिक्षक तयार करण्याचे काम पद्धतशीर सुरू झाले.

पण शाळेला एक मर्यादा आहे. अठराव्या वर्षी शाळा संपते. इतर मुलांना त्यानंतर कॉलेज असते, नोकरी असते. आमच्या मुलांना काय असते? घराचा कोपरा. दहा-बारा वर्षे शाळेत जाऊन जे कमावले, ते दोन वर्षे घरी बसले की गळून पडते. मूल चिडचिडे होते, जाड होते, बोलायचे थांबते. म्हणून शाळेच्या पुढे कार्यशाळा लागते, जिथे काम शिकवले जाते, काम करून घेतले जाते आणि त्याचा मोबदला दिला जातो.

अशाच एका कार्यशाळेत मी १९८४ साली पोहोचलो. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे काय झाले ते आपणा सर्वांना माहीत आहे. दोन वर्षे मिळेल ते काम केले. कोणीतरी सांगितले, एका संस्थेला हातमागावर पायपुसणी विणायला शिकवणारा माणूस हवा आहे. मी गेलो. मुले पाहिली आणि मनात म्हणालो, पोटासाठी दोन-चार महिने काढू.

तिथे एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा होता. गिरणीत जॉबर बदली कामगाराला शिकवायचा तसे मी त्याला शिकवू लागलो. म्हणजे एकदा सगळे करून दाखवायचे, मग ‘कर’ म्हणायचे आणि चुकले की ओरडायचे. तीन महिने झाले, त्याला काही येईना. मी ओरडलो की तो धोटा टाकून कानांवर हात घ्यायचा. शेवटी मी मुख्य बाईंकडे गेलो आणि म्हणालो, ‘बाई, याच्या डोक्यात काही शिरत नाही, याला काढून दुसरा द्या.’ बाईंनी शांतपणे विचारले, ‘तुम्ही त्याला एका वेळी किती गोष्टी सांगता?’ मी म्हणालो, ‘एकच. वीण म्हणून सांगतो.’ त्या म्हणाल्या, ‘आज घरी जाऊन विणणे म्हणजे किती कामे ते कागदावर लिहून आणा.’

रात्री मी लिहायला बसलो. डाव्या पायाने एक फळी दाबायची, म्हणजे ताण्याच्या धाग्यांत वाट पडते. त्या वाटेतून धोटा फेकायचा. दुसऱ्या हाताने तो पकडायचा. धागा ओढून सरळ करायचा, पण इतका ओढायचा नाही की कड आत येईल. फणी पुढे ओढून ठोकायची. पाय उचलायचा. मग उजव्या पायाने दुसरी फळी. लिहिता लिहिता कागद भरला. दहा वर्षे जे काम मी डोळे मिटून केले होते, ते किती कामांचे मिळून झाले आहे हे मला त्या रात्री कळले. मी त्या मुलाला एक गोष्ट सांगत नव्हतो, एका दमात चौदा-पंधरा गोष्टी सांगत होतो.

दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. बाई म्हणाल्या, शेवटापासून सुरू करा. बाकी सगळे मी करायचे आणि फणी ठोकण्याचे शेवटचे काम फक्त त्याने करायचे. म्हणजे प्रत्येक वेळी ओळ पुरी होते ती त्याच्या हाताने. आठ दिवस त्याने फक्त फणी ठोकली. ती पक्की झाल्यावर त्याआधीचे काम, मग त्याच्या आधीचे. पायांचा गोंधळ होत होता, तेव्हा डाव्या फळीला लाल चिंधी बांधली आणि त्याच्या डाव्या चपलेलाही लाल चिंधी. उजवीकडे दोन्हींना हिरवी. एकदा बसवले की लालवर लाल, हिरव्यावर हिरवा. साडेचार महिन्यांनी त्याने एक पायपुसणे एकट्याने पुरे केले. कड वाकडी होती. मी ते विकायला दिले नाही, आजही माझ्या घरी आहे.

पुढे मला समजले की जगात इतरत्रही माणसे याच वाटेने गेली होती. अमेरिकेत मार्क गोल्ड नावाच्या शिक्षकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, ज्यांच्याकडून कोणी कसलीही अपेक्षा करत नव्हते अशा लोकांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवले. पंधरा भागांचा ब्रेक, आणि नंतर चोवीस भागांचा. त्यानेही प्रत्येक भागाच्या एका बाजूला रंग लावून ठेवला होता, म्हणजे तो भाग कसा धरायचा हे रंग सांगे. शिकणारा शिकत नसेल तर शिकवणाऱ्याने दुसरी रीत शोधावी, असे त्याचे म्हणणे होते.

आणि अमेरिकेपर्यंत तरी कशाला जायचे? विहारात आपण चूळपंथक थेराची कथा ऐकतो. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना, म्हणून त्याच्याच थोरल्या भावाने त्याला विहारातून निघून जायला सांगितले. तथागतांनी त्याला दारातच थांबवले. त्याच्या हातात एक स्वच्छ फडके दिले, एक शब्द दिला आणि फडक्यावरून हात फिरवत तो शब्द म्हणत राहा, असे सांगितले. हात फिरता फिरता फडके मळले, आणि मळ म्हणजे काय, अनित्यता म्हणजे काय, हे चूळपंथकाला उमगले. आपण ही कथा श्रद्धेने ऐकतो आणि घरी येतो. मी कार्यशाळेत काम करू लागल्यावर मला ती शिक्षकाच्या नजरेने दिसली. ज्याला गाथा येत नव्हती, त्याच्या हाताला काम दिले गेले. हजार शब्दांऐवजी एक शब्द आणि एक कृती. आणि ‘याला काही येणार नाही’ असे म्हणणारा त्याचा सख्खा भाऊच होता, ही गोष्टही आपण घरी विसरू नये.

कार्यशाळेत पुढे आम्ही पुष्कळ कामे बसवली. कागदी पाकिटे, फायली, मेणबत्त्या, पणत्या रंगवणे, मसाल्याच्या पुड्या भरणे. ज्यांना दहापर्यंत मोजता येत नाही त्यांच्यासाठी दहा खाचांची फळी केली. प्रत्येक खाचेत एक मेणबत्ती ठेवायची, खाच रिकामी दिसेनाशी झाली की पुडा बांधायचा. मोजणे फळीने केले, काम मुलाने केले. आपण हिशेबाला यंत्र वापरतो तेव्हा आपल्याला कोणी मंद म्हणत नाही, मग फळी वापरली म्हणून त्याला का म्हणावे?

हाताच्या कामाबरोबर इतर गोष्टीही शिकवाव्या लागतात. वेळेवर येणे, डबा खाल्ल्यावर हात धुणे, रस्ता ओलांडणे, नेहमीची बस ओळखणे, लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा कुठे येतो ते पाहणे. आणि मुलींना, तसेच मुलांनाही, अंगाला कोणी हात लावला तर मोठ्याने ‘नको’ म्हणणे. आम्ही मुलांना आज्ञा पाळायला शिकवतो, पण नाही म्हणायला शिकवत नाही, आणि त्याचा फायदा वाईट माणसे घेतात.

आता दामाची गोष्ट. सुरुवातीला आमच्याकडे सर्वांना सारखे थोडे पैसे पाकिटात घालून देत. मुलांना पैशातले काय कळते, असे आम्हा शिकवणाऱ्यांचेच मत होते. एकदा ऑर्डर कमी आली म्हणून पाकिटात नोटा कमी घातल्या. फणीवर बसणाऱ्या त्या मुलाने पाकीट उघडले, नोटा टेबलावर मांडल्या आणि माझ्याकडे बघून विचारले, ‘माझे किती?’ आकड्यात त्याला सांगता आले नसते. पण आपल्या कामाचे काही ठरलेले असते आणि आज ते कमी आहे, हे त्याला पुरते कळले होते. आम्ही खजील झालो. त्या महिन्यापासून भिंतीवर एक तक्ता लावला. ज्याने जेवढे पुरे केले तेवढे ठिपके त्याच्या नावापुढे द्यायचे आणि मोबदला ठिपक्यांवर ठरवायचा. बंधू-भगिनींनो, ‘माझे किती?’ हा प्रश्न विचारायला आपल्या समाजाला किती पिढ्या लागल्या! माझ्या चुलतभावाने तो कधीच विचारला नाही.

सगळेच गोड झाले असे मी सांगणार नाही. आमच्या एका चांगल्या मुलाला बाहेर एका उपाहारगृहात काम मिळाले. आम्ही पेढे वाटले. दोन महिन्यांत तो परत आला. तिथे कामाची वेळ बदलली, ती त्याला कोणी समजावली नाही. बशा पुसण्याचे जे काम आम्ही शिकवले होते ते सोडून सगळे त्याला हाका मारून पळवू लागले, आणि नक्कल करून हसू लागले. चूक त्यांची होती, पण आमचीही होती. आम्ही मुलाला काम शिकवले, त्याच्या शेजारी काम करणाऱ्यांना काहीच शिकवले नाही. पुढच्या वेळी एका बुककामाच्या कारखान्यात मुलाला पाठवताना आमची एक शिक्षिका पहिले तीन आठवडे त्याच्याबरोबर जाऊन बसली. तिथल्याच एका कामगाराला तिने त्याचा सोबती केला. काही बदल झाला तर तो सोबती त्याला सांगे. तो मुलगा तिथे टिकला.

मालाबद्दलही एक अनुभव सांगतो. दिवाळीच्या आधी लोक येतात, पणत्या घेतात, डोळे पुसतात आणि जातात. दयेने घेतलेली वस्तू माणूस एकदाच घेतो. वाकडी फाईल, न पेटणारी मेणबत्ती कोणी दुसऱ्यांदा घेत नाही आणि घेऊही नये. म्हणून आमच्याकडे खराब माल बाजूला काढायचा नियम होता. चांगला माल, वर्षभराची ऑर्डर आणि रास्त भाव, एवढे मिळाले तर कार्यशाळा चालते. १९९१ साली ‘चौकट राजा’ हा चित्रपट आला. दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून सगळा महाराष्ट्र रडला. पण शेजारच्या नंदूला किती जणांनी काम दिले?

आता कायद्याविषयी थोडे, कारण इथे पालक बसलेले आहेत. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखीव होत्या, पण त्या अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांच्यासाठी. आमच्या मुलांचे नाव त्यात नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने राखीव जागा चार टक्के केल्या आणि त्यातला एक टक्का ज्या गटांना मिळून दिला, त्यांत बौद्धिक दिव्यांगत्वाचे नाव प्रथमच आले. हक्क कागदावर आला आहे. तो हातात यायचा तर हातात कसब हवे आणि प्रमाणपत्रही हवे. सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड मिळते. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा अधिक असेल तर कायद्याचे बहुतेक लाभ मिळू शकतात. कार्ड काढले तर मुलावर शिक्का बसेल, अशी भीती काही पालकांना वाटते. शिक्का तर वस्तीने केव्हाच मारला आहे. कार्डामुळे निदान हक्क मिळतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. प्रत्येक आईबापाच्या मनात रात्री एकच प्रश्न येतो, ‘आमच्यामागे याचे कोण?’ मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते, आणि आईबापही आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात. तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घेता येते. हे काम आज करा, आईबाप धडधाकट असताना करा. त्याच न्यासाची ‘निरामय’ नावाची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग झाला आहे. अडले तर कोणाचे दार ठोठवायचे हे आता स्पष्ट आहे. पण मी अनुभवाने सांगतो, ‘याचे कोण?’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर कागदात असते आणि निम्मे त्या मुलाच्या हातात असते. जो स्वतःची आंघोळ करतो, स्वतःचे ताट धुतो आणि महिन्याला चार पैसे आणतो, त्याला सांभाळायला भाऊ-वहिनी सहसा कचरत नाहीत.

शेवटी मंडळाकडे माझ्या चार मागण्या आहेत. पहिली, आपल्या सभासद नोंदवहीत कुटुंबाची माहिती लिहितो त्यात एक रकाना वाढवा. कोणाच्या घरी असे मूल आहे आणि ते कुठे शिकते, याची नोंद शाखाशाखांतून घ्या. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी काही केले जात नाही. दुसरी, आपण दर वर्षी प्रमाणपत्रांसाठी फायली आणि निमंत्रणांसाठी पाकिटे विकत घेतो. ती पुढच्या वर्षी अशा कार्यशाळेकडून घ्या. माल तपासून घ्या, खराब असेल तर परत करा, पण ऑर्डर द्या. तिसरी, ज्यांचे दुकान आहे, छापखाना आहे, कँटीन आहे, त्यांनी एका मुलाला कामावर घ्यावे आणि त्याचा पगार त्याच्या हातात द्यावा. फुकट राबवून घेऊ नये. चौथी मागणी विद्यार्थ्यांकडे आहे. सगळेच इंजिनियर होणार नाही आहात. विशेष शिक्षणाचे रीतसर अभ्यासक्रम आहेत, शिक्षक कमी पडत आहेत. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी जरी ही वाट धरली तरी कितीतरी घरांची कडी निघेल. आणि ज्यांना तेही जमणार नाही, त्यांनी आपल्या मजल्यावरच्या त्या मुलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी. त्याला पैसा लागत नाही.

‘शिका’ हा आदेश आपण पाळला आणि म्हणून आज इथे बसलो आहोत. पण तो आदेश देताना बाबासाहेबांनी कोणाला वगळले नव्हते. शिकणे म्हणजे फक्त पुस्तक नव्हे. फणी ठोकायला शिकणे, हेही शिकणेच आहे. पुढच्या वर्षी या समारंभात गुणवंतांची यादी वाचताना, ज्याने वर्षभरात एक काम पक्के शिकले आणि आपल्या कष्टाचे पैसे घरी आणले, अशा एका तरी मुलाचे नाव पुकारा. टक्केवारी विचारू नका. त्याच्या हातचे काम इथे टेबलावर मांडा आणि सर्वांना पाहू द्या.